चादरीचं दुसरं टोक

३ मार्च, सोमवार

नोकरी चालून आली. खरं म्हणजे जिना उतरून आली! संध्याकाळी दार वाजलं, बघते तर वरच्या मजल्यावरच्या ताई – एक हात कमरेवर, एक पोटावर. आठवा लागलाय त्यांना. आत या म्हटलं तर म्हणे, 'बसले की उठवायला दोन माणसं लागतात, उभ्यानेच सांगते.'

त्या बागांच्या ऑफिसात आहेत. शहरातल्या सगळ्या सार्वजनिक बागांचा कारभार तिथून चालतो. बाकं, झोपाळे, नळ, वाकलेली झाडं, सगळं. आता त्या बाळंतपणाच्या रजेवर जाणार, आणि त्यांच्या खुर्चीत सहा महिने कुणीतरी हवंय. लोकांचे फोन घ्यायचे, तक्रारी टाइप करायच्या, माळ्यांना आणि सुतारांना कळवायच्या. 'तुम्हाला येतं ना टाइपिंग? मी मॅडमना तुमचं नाव सांगूनही टाकलंय!'

टाइपिंग येतं हो. येत होतं. जुनी कंपनी बंद पडली, मग पाठीचं ऑपरेशन झालं, मग लाँड्रीत लागले आणि बोटांनी फक्त चादरींची टोकं धरली. ताईंना कसं आठवलं, कुणास ठाऊक. जिन्यात कधीतरी बोलले असेन. त्या बाईने ते लक्षात ठेवलं, यानेच मला भरून आलं. दार लावून स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी पुसत बसले.

पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगायचंय. २४ला हजर व्हायचं.

४ मार्च, मंगळवार

आज बोलावणं नाही. सकाळी सातपर्यंत फोन वाजला तर काम, नाही वाजला तर घरी बसा – लाँड्रीचं हे असं. लॉज भरलेले असले, हॉस्पिटलच्या गाड्या आल्या, की आम्ही हव्याहव्याशा. नाहीतर कोण तुम्ही!

सातपर्यंत मोबाइल उशाशी घेऊन पडून राहायचं आणि मग उठून डबा तसाच फडताळात ठेवायचा. नवऱ्याला म्हटलं, 'ऑफिसात हे नसेल.' तो बूट घालत होता. म्हणाला, 'ऑफिसात दुसरं काहीतरी असेल.' लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे, कुठल्याच गोष्टीवर एकदम विश्वास ठेवत नाही.

५ मार्च, बुधवार

आज फोन आला. मी माझ्या जोडीच्या मावशींना केला, तासाभरात दोघी टेबलापाशी.

आमच्याकडे जोडीनेच बोलावतात. कारण चादर एकट्याने घडी होत नाही, निदान लाँड्रीच्या वेगात तरी नाही. गरम रोलरमधून चादर बाहेर येते, एकीने दोन टोकं धरायची, दुसरीने दोन. झटका द्यायचा. मग एकीने जागेवर थांबायचं, दुसरीने चालत जाऊन आपली टोकं तिच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलून परत मागे जायचं. पुन्हा झटका. झटक्याआधी मावशी हळूच 'हं' म्हणतात. आमची ती घंटा. वर्षानुवर्षं एकाच माणसाबरोबर काम केलं की त्याचं पाऊल पडायच्या आधी कळतं. म्हणून जोड्या मोडत नाहीत. जोडीतली एक आली नाही तर दुसरीलाही बोलावत नाहीत.

इथेच घोडं पेंड खातं.

मी लाँड्रीत आले तेव्हा कमरेला हा एवढा रुंद पट्टा होता. वाकायची चोरी. पट्टेवाली जोडीला कुणालाच नको होती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मुकादमाने (त्याला सगळे शिट्टी म्हणतात, सतत ओठ चंबू करून शीळ घालत असतो, राग आला की थांबतो) मला परत पाठवायचंच ठरवलं होतं. तेव्हा मावशी कोपऱ्यातून म्हणाल्या, 'ही माझी जोडी.' बस! ओळख ना पाळख. पहिलं वर्षभर खालच्या ढकलगाडीतला चादरींचा ढीग त्यांनी एकट्यांनी उचलून टेबलावर ठेवला, मला वाकावं लागू नये म्हणून. हे ऋण कसं फेडायचं, मला अजून कळलेलं नाही.

माझी पाठ कधीच बरी झाली. पण पुढे मावशीच धुण्याच्या खोलीत ओल्या फरशीवर घसरल्या आणि उजव्या खांद्यावर आपटल्या. काही दिवस हात गळ्यात होता. मग कामावर आल्या त्या 'काही झालं नाही' म्हणतच. मानी बाई! तेव्हापासून मी झटका हलका देते, पावलं लहान टाकते. त्यांना कळू देत नाही. आमचं टेबल सगळ्यात मागे असतं. शेजारची जोडी आमच्या दुप्पट गठ्ठे लावून चहाला जाते, तेव्हा आम्ही अर्ध्यावर. शिट्टीने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलंही होतं, 'दुसरी जोडी घे, जास्त बोलावणी येतील.' मी म्हटलं, 'मला मावशीच हव्या.' त्याची शीळ थांबली होती त्या दिवशी.

आज पण नेहमीचं झालं. 'पाठ काय म्हणते?' – मावशी. 'काही म्हणत नाही, झोपलीये,' – मी. 'खांदा?' 'आहे जागेवर.' आणि आम्ही दोघी मान हलवतो, मला माहीत आहे तुझं, अशी.

ऑफिसचं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

७ मार्च, शुक्रवार

तळ्यात. मळ्यात. तळ्यात.

८ मार्च, शनिवार

रात्री जेवताना विषय काढला. लेक दहा वर्षांची, पण बोलणं सासूचं. 'ऑफिसात तुला खुर्ची मिळेल?' म्हटलं, 'मिळेल.' 'फिरणारी?' 'बहुतेक.' 'मग यात विचार करण्यासारखं काय आहे?' झालं, तिच्यापुरता निकाल लागला.

नवऱ्याने मात्र नीट ऐकून घेतलं. तो दिवसभर बंद पडलेल्या लिफ्टच्या इमारतींत जिने चढतो. दुरुस्त झाल्यावर लिफ्टने फक्त उतरायचं! गुडघे कुरकुरतात बिचाऱ्याचे. पाय टेबलावर ताणून म्हणाला, 'दोन्ही बाजू बोल.'

बोलले. ऑफिस म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेला पगार, रविवार सुट्टी. सकाळी फोनकडे बघत पडायचं नाही. पण सहाच महिने. ताई परत आल्या की मी बाहेर. आणि लाँड्रीत एकदा जोडी मोडली की नाव शेवटी जातं – परत बोलावतील की नाही, शिट्टीच्या मर्जीवर. म्हणजे सहा महिन्यांनी ना ऑफिस ना लाँड्री.

'हे झालं तुझं. आता खरं काय ते बोल,' तो म्हणाला.

या माणसाला कधीकधी मी उगाच साधा समजते.

खरं हे – मी गेले तर मावशींचं काय? साठी जवळ आलीये, खांदा असा. कोण घेणार जोडीला? आणि जोडी नाही तर बोलावणं नाही. घरी दुसरं कुणी कमावतं नाही, मुलगी लांब आहे, तिचं तिलाच पुरत नाही. ज्या बाईने पट्टेवालीला पदरात घेतलं, तिला मी खुर्चीसाठी सोडून जायचं?

त्याने ताटं उचलून घासायला घेतली. पाणी गरम करून दिलं मला पाय शेकायला, स्वतःचे गुडघे सोडून. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

१० मार्च, सोमवार

ऑफिस बघून आले. ताई म्हणाल्या, 'ठरवू नका, नुसतं बघा.'

दुसरा मजला. मोठी खिडकी, खिडकीत कुणीतरी ठेवलेल्या चार कुंड्या, त्यातल्या तीन सुकलेल्या. बागांच्या ऑफिसात! मॅडम हसून म्हणाल्या, 'कुंड्यांची तक्रार करायला कुणी फोन करत नाही ना.' केस पिकलेले, चष्मा डोक्यावर आणि चष्माच शोधतायत. मला आवडल्या.

ताईंची खुर्ची फिरते. लेकीला सांगितलं, तिने मुठी आवळून उडी मारली.

ताईंना बाथरूमला जायचं होतं (आता दर थोड्या वेळाने जावं लागतं) आणि तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी उचलला! एक आजोबा होते. त्यांच्या बागेतलं तळ्याकाठचं बाक दुरुस्तीला नेलंय, ते परत आलं नाही. 'दुसरी बाकं आहेत की,' असं कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, त्याचा राग. म्हणाले, 'दुसऱ्या बाकावरून तळं दिसत नाही, बाई. कचऱ्याचा डबा दिसतो.' मी म्हटलं, 'खरंय आजोबा. आम्ही विचारतो सुताराला.' आम्ही! फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. टाइप केलं, बोटं अडखळली पण जागा विसरली नव्हती. मॅडमनी वाचलं आणि 'छान' म्हणाल्या. एवढंच. पण किती वर्षांनी कुणीतरी मला कामात छान म्हटलं!

येताना चालत आले. पाय जमिनीला लागत नव्हते. आणि कोपऱ्यावर लाँड्रीची गाडी दिसली, ड्रायव्हरने हात केला, आणि मावशी आठवल्या.

११ मार्च, मंगळवार

बोलावणं होतं. दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी. मावशींनी त्यांच्या डब्यातलं अंडं मला दिलं, 'पाठीला ताकद हवी' म्हणून. आज कसं सांगणार?

१२ मार्च, बुधवार

सांगितलं. चहाच्या सुट्टीत, मागच्या पायरीवर बसून. वाफेची खोली मागे धापा टाकत होती. मी एका दमात सगळं बोलून टाकलं – ताई, बागा, सहा महिने, शुक्रवार.

मावशी बशीत ओतलेला चहा तसाच धरून बसल्या. मग म्हणाल्या, 'दिवसभर बसायचं काम?'

'हो.'

'पाठ आखडेल तुझी.'

म्हटलं, 'मावशी, पाठ बरी आहे माझी.' 'ते तू सांगतेस,' त्या म्हणाल्या. मग बशी फिरवत, 'पण ढीग उचलण्यापेक्षा बरं म्हणा. मधूनमधून उठून फिरत जा.' जणू मी हो म्हटलंच आहे!

मी विचारलं, 'आणि तुम्ही?'

'माझं काय? मी आहे ना इथे.'

'जोडी?'

त्यांनी चहा प्यायला. बशी पुसली. 'होईल काहीतरी,' म्हणाल्या. त्यांच्याकडे बघून मला कळलं, काहीही होणार नाहीये आणि त्यांनाही ते माहीत आहे. उरलेला दिवस आम्ही नेहमीपेक्षाही हळू काम केलं. त्या माझ्याकडे सारख्या बघत होत्या, मी त्यांच्या खांद्याकडे. शिट्टीची शीळ दोनदा थांबली.

घरी येऊन लेकीवर विनाकारण ओरडले. नंतर माफी मागितली. ती म्हणाली, 'चालतं, मी पण उद्या ओरडीन.'

१४ मार्च, शुक्रवार

नाही म्हणून आले.

वर गेले, ताईंना सांगितलं. जमणार नाही, मनापासून आभार, दुसरी कुणीतरी बघा. त्यांचा चेहरा उतरला. 'कारण तरी सांगा!' मावशींचं सांगितलं. त्या चिडल्याच. 'त्यांनी थांबायला सांगितलं का तुम्हाला?' 'नाही.' 'मग तुम्ही परस्पर कसं ठरवलं त्यांच्यासाठी?'

जिना उतरताना वाटलं होतं हलकं वाटेल, केलं ते बरोबर केलं. हलकं काही वाटत नाहीये. तोंड कडू झालंय. आजोबांचं बाक डोक्यातून जात नाही. ते सुताराला कोण विचारेल?

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि जेवल्यावर पाय मोकळे करायला निघून गेला. तेच जास्त लागलं.

१५ मार्च, शनिवार

काय दिवस! सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी दार वाजलं. मावशी! इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरी. तीन जिने चढून, आणि खांद्यावर बटाट्यांची ही एवढी पिशवी – उजव्या खांद्यावर! मी आधी ओरडलेच, 'किती वेळा सांगितलं, त्या खांद्यावर ओझं घेऊ नका!' त्या म्हणाल्या, 'बाजारात स्वस्त दिसले, तुमच्यासाठी आणले. आता दारातच हिशोब घेणार आहेस का आत घेणार आहेस?'

आत आल्या. लेकीने लगेच स्टूल दिलं. मावशींनी तिला विचारलं, 'आई घरी वाकते का गं? जमीन कोण पुसतं?' लेक म्हणाली, 'आईच. आणि पलंगाखाली पण जाते.' मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की चोरी पकडली गेली!

मग मुद्द्यावर. त्यांना कळलं कसं? नवऱ्याने! काल रात्री पाय मोकळे करायला म्हणून निघालेला हा माणूस थेट त्यांच्याकडे गेला होता. आणि मला एक शब्द नाही! मी त्याच्याकडे बघितलं तर तो खिडकीची कडी तपासत होता. कडीला काही झालं नव्हतं.

मावशी म्हणाल्या, 'नाही का म्हणालीस?'

'जोडी मोडेल म्हणून.'

'कुणाची?'

'आपली. तुमची.'

'मी सांगितलं तुला?' बरोबर ताईंसारखंच! या दोघी एकमेकींना भेटल्यासुद्धा नाहीत. 'ड्रायव्हरच्या बायकोशी बोलून आलेय मी. ती इस्त्रीला कंटाळलीये. ती उभी राहील माझ्याबरोबर.'

ड्रायव्हरची बायको! आडदांड बाई, दार उघडते तर कडी हातात येते. ती मावशींच्या खांद्याचं काय करून ठेवेल? मला सरळ दिसत होतं, मावशी माझ्यासाठी खोटं धैर्य आणतायत. म्हटलं, 'ती जोरात झटके देते.' मावशी म्हणाल्या, 'देऊ दे.' म्हटलं, 'तुम्हाला झेपणार नाही.' त्यावर त्या जरा विचित्र हसल्या. म्हणाल्या, 'माझी काळजी तू करूच नकोस. मला तुझी वाटते. सहा महिने नीट बसून काम कर, पाठीला सुख दे. नंतरचं नंतर बघू. शिट्टीचं मी बघते.'

आणि मग असं बोलल्या की मी रडलेच. म्हणाल्या, 'तुला जोडीला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, ही पोरगी वर्षभरात बरी होईल आणि तिच्या कामाला परत जाईल. तू राहिलीस. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण राहण्यासाठी नव्हतं घेतलं तुला.'

ताईंकडे पळत गेले. बाईने मॅडमना काही सांगितलंच नव्हतं! 'सोमवारी सांगणार होते,' म्हणाल्या. 'तुमचा नवरा काल जिन्यात भेटला, म्हणाला दोन दिवस थांबा.'

म्हणजे सगळ्यांनी मिळून माझ्या पाठीमागे माझ्या भल्याचं कारस्थान केलं. काय केलंय मी या लोकांसाठी, की हे सगळे असे वागतात? बटाटे उकडत ठेवले. खूप होते, ताईंनाही दिले.

हो म्हणाले. हो!

२२ मार्च, शनिवार

लाँड्रीतला शेवटचा दिवस. कुणी भाषण वगैरे केलं नाही, देवाची कृपा. शिट्टी म्हणाला, 'परत आलीस तर सातला फोन जवळ ठेव.' त्याच्यापरीने हा निरोप समारंभच. मावशींनी शेवटची चादर घडी करून झाल्यावर माझे दोन्ही हात धरले, टोकं धरतात तसे, आणि जरा वेळ सोडलेच नाहीत. माझा पाय निघेना.

ड्रायव्हरच्या बायकोला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, 'मावशींच्या उजव्या खांद्याला जपा. झटका हलका द्या. पण त्यांना कळू देऊ नका.' ती 'बरं बरं' म्हणाली. लक्ष होतं की नाही कोण जाणे.

२४ मार्च, सोमवार

पहिला दिवस. डबा फडताळातून काढून पिशवीत ठेवताना मोबाइलकडे बघितलं आणि लक्षात आलं, वाट बघायची नाहीये. नुसतं निघायचंय.

तीन झोपाळे, एक तुटलेला नळ, एका बाईंना शेजारच्या बागेतल्या कावळ्यांबद्दल बोलायचं होतं. कावळ्यांचं आमच्याकडे काही नसतं, पण ऐकून घेतलं. दुपारी मॅडमच्या चष्म्यासाठी टेबलाखाली शिरले. डोक्यावरच होता. तीन कुंड्यांना पाणी घातलं, आशा सोडायची नाही.

आणि आजोबांचं बाक! सुताराला मी स्वतः फोन केला. तयार आहे म्हणे, नुसतं न्यायचं राहिलंय. मग आज न्या ना! नेलं.

खूप आभार मानावेसे वाटतायत पण नेमके कुणाचे ते कळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. सगळ्यांचे.

२ एप्रिल, बुधवार

मावशींना फोन केला. 'कसं चाललंय?' 'चाललंय.' 'खांदा?' 'आहे जागेवर. पाठ?' 'झोपलीये.' यापलीकडे ही बाई काही सांगेल तर शपथ! मागे रोलरचा आवाज येत होता. म्हणजे बोलावणं तरी येतंय. तेवढाच जिवाला धीर.

११ एप्रिल, शुक्रवार

पहिला पगार. लेकीला रंगपेटी, नवऱ्याला नवे मोजे – जुन्यांतून अंगठे बाहेर येऊन बघतात. मावशींसाठी औषधाच्या दुकानातून खांद्याला लावायचं मलम घेतलं, चांगल्यातलं. दुकानदाराला नीट विचारून घेतलं, जुन्या दुखण्याला चालतं ना? चालतं म्हणाला.

उद्या दुसरा शनिवार, ऑफिसला सुट्टी आहे. लाँड्रीत जाऊन येईन. ड्रायव्हरच्या बायकोला पुन्हा एकदा समजावून सांगेन. आणि मावशी फारच थकलेल्या दिसल्या तर शिट्टीशी बोलेन – त्यांना हलकं काम द्या, हवं तर सहा महिन्यांनी मी परत येते, तेव्हा त्यांचा भार घेईन. हे मी मनाशी ठरवून टाकलंय. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं, मी एवढं करू शकते.

१२ एप्रिल, शनिवार

मावशी उडत होत्या! दुसरा शब्द नाही. ड्रायव्हरची बायको त्या टोकाला, मावशी या टोकाला, आणि मध्ये चादर फाडफाड वाजत होती. मी मलम हातात घेऊन दारातच. शिट्टी शीळ घालत आला – 'बघतेस काय? सगळ्यात पुढचं टेबल आहे आता. कितीदा सांगितलं होतं हिला, दुसरी जोडी घे. म्हणायची, त्या पोरीची पाठ अशी, तिला वेग झेपणार नाही, मी तिच्याबरोबर हळूच चालणार.'

माझी पाठ!

मावशींना म्हटलं, 'पण मी तर तुमच्या खांद्यासाठी हळू चालत होते!' त्या म्हणाल्या, 'खांदा? अगं, तो तर त्याच वर्षी बरा झाला. सांगत नव्हते तुला रोज?' 'मी पण रोज सांगत होते!' हसता हसता दोघी चादरींच्या ढिगावर बसलो. मग मी रडले, मग त्या. ड्रायव्हरच्या बायकोने चहा मागवला.

निघताना त्या उठल्या, एक चादर ओढली, दोन टोकं माझ्याकडे फेकली. या वेळी 'हं' नाही, हलका झटका नाही, चादर फाडकन वाजली.

मलम नवऱ्याच्या गुडघ्यांना लावलं.